फेकायचं पाणी

भाजी उकळा आणि ते पाणी फेकून द्या, असं आहारतज्ज्ञ बाईंनी मला बजावून सांगितलं होतं. मी भाजी उकळली. पाणी मात्र फेकलं नाही, त्यात ज्वारीचं पीठ मळलं. भाजीचं सत्त्व मोरीत ओतणारी बाई मी नव्हे, असा तेव्हा मला भारी ताठा. वय विचारू नका. साठी उलटली होती, अक्कल यायची राहिली होती.

आमच्या ह्यांची किडनी अधू झालेली आणि रक्तातलं पोटॅशियम वाढलेलं. माझं माहेर केळीवाल्यांचं. पोटॅश टाकायचं ते केळीच्या बुंध्याशी, एवढंच मला ठाऊक. "मग ह्यांच्या रक्तात ते कुणी टाकलं?" असं मी डॉक्टरांना खरोखर विचारलं! डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "हे उतरलं नाही तर हृदयावर येईल."

म्हणून मग पथ्य. बटाटा सोलून, पालक निवडून बारीक चिरायचा, कोमट पाण्यात भिजवायचा, धुवायचा, मग भरपूर पाण्यात उकळून पाणी टाकून द्यायचं. पोटॅशियम त्या पाण्यात उतरतं. हे सगळं मी इमानाने केलं, आणि पाण्यात उतरलेलं पोटॅशियम भाकरीतून ह्यांच्या ताटात परत वाढलं. पुढच्या रिपोर्टमध्ये आकडा आणखी चढला.

"घरी पथ्य पाळताय ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"काटेकोर!" मी म्हटलं. वर त्यांच्या लॅबच्या मशीनवरच शंका घेतली.

त्या संध्याकाळी पिंप्राळ्याच्या घरी सून ओट्याशी येऊन नुसती बघत उभी राहिली. मी पातेलं परातीत कलतं केलं, तसं तिने माझं मनगट धरलं.

"आई, हे काय?"

"सत्त्व."

"अहो आई, हेच तर आबांच्या पोटात जायला नको!"

तिच्या जागी मी असते, तर चाळीसगावच्या बहिणीला फोन करून रात्रीच्या जेवणाआधी सासूची अब्रू धुतली असती. हिने साध्या पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवला. पातेल्यातलं पाणी निवल्यावर ते माझ्याच हाताने गॅलरीतल्या कढीपत्त्याला घालायला लावलं. "मीठ नाही त्यात. वाया गेलं का, सांगा बरं?" किडनीचं पथ्य कुणीही विचारून शिकेल. सासूचं पथ्य ही पोरगी कुठे शिकली, देव जाणे. आकाशवाणी झाल्यासारखी मी त्या दिवसापासून पाणी फेकू लागले.

आकडा खाली आला, तेव्हा जेवताना मी ह्यांना सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता हे चिडणार. ह्यांनी लसणाची फोडणी दिलेल्या पालकाचा घास सावकाश गिळला आणि आपल्या शिंदखेड्याच्या बोलीत म्हणाले,

"भाकरले पालकना वास येत व्हता, मले पहिलाच दिन समजनं. पन बोलतू तं तू भाकर बी उकाळीसन पानी फेकी देती."