सहाची पाळी

आमच्या लाँड्रीत तिला कोणी नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. तोंडावर सगळे नुसतं 'बाई' म्हणायचे आणि पाठीमागे 'कांजीबाई'. मान ताठ, पाठ ताठ, बोलणं त्याहून ताठ. तीन मोठ्या हॉस्पिटलांच्या चादरी, अभ्रे आणि ऑपरेशनचे हिरवे झगे आमच्याकडे यायचे नि दुसऱ्या दिवशी कोरे करकरीत होऊन परत जायचे. बाई तिथली मुकादम, सव्वीस वर्षं. मी बॉयलरवर. माझा तिचा संबंध वाफेपुरता. "वाफ कमी पडतेय," हे वाक्य ती मला दिवसातून दहा वेळा ऐकवायची, वाफ भरपूर असली तरीही.

सकाळी सहाच्या पाळीला एकतीस माणसं असायची. त्यातली एकोणीस परदेशातून आलेली, कागदपत्रं नसलेली. हे सगळ्यांना ठाऊक होतं, मालकाला सगळ्यांत जास्त, पण त्यावर कधी कोणी बोललं नव्हतं. ती माणसं वेळेवर यायची, रक्तानं भरलेल्या चादरी उचलताना नाक मुरडायची नाहीत, आणि इस्त्रीच्या रोलरच्या त्या भट्टीसमोर आठ तास उभी राहायची.

त्यातलीच एक धाकटी. खरं तर ती चाळिशीला टेकलेली होती, पण बाई तिला धाकटी म्हणायची आणि ती बाईला ताई. दुसऱ्या कोणाची ताई म्हणायची छाती नव्हती. रोलरमधून गरम चादर बाहेर आली की समोरासमोर दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, एकमेकींकडे चार पावलं चालत यायचं, टोकाला टोक लावायचं, परत मागं. मुकादमाला हे काम करायची गरज नव्हती. तरी चहाच्या सुट्टीनंतर रोज एक तास बाई धाकटीसमोर उभी राहायची. अकरा वर्षं. दोघी आपल्या पोरांबद्दल, गुडघ्यांबद्दल, नवऱ्यांबद्दल बोलायच्या. धाकटीचा नवरा कधीच सोडून गेला होता, त्यामुळे तो विषय लवकर संपायचा आणि बाईचा पुरायचा.

एका मंगळवारी केशरी जाकीट घातलेला एक माणूस आला. म्हणाला, आगीच्या सुरक्षेची तपासणी आहे. हातात फाइल, डोक्यावर हेल्मेट, बोलायला गोड. त्यानं बाईला विचारलं, "समजा आग लागली, तर जास्तीत जास्त किती माणसं बाहेर काढावी लागतील? सगळ्यांत गर्दी कधी असते?"

बाईची मान आणखी ताठ झाली. "सकाळी सहाला. एकतीस. माझ्या पाळीत खाडा नसतो."

"आणि दारं किती?"

तिनं पुढचं दार दाखवलं, आणि ड्रायरच्या मागचं लहान दारही, जे नव्या माणसाला दाखवल्याशिवाय सापडत नाही. मी तिथंच पुसणं हातात घेऊन उभा होतो. आगीच्या तपासणीला आलेला माणूस बॉयलरकडे ढुंकूनही न बघता गेला, याचं मला तेव्हा बरंच वाटलं. बला टळली, म्हटलं.

तीन आठवड्यांनी, सहा वाजून दहा मिनिटांनी, सरकारी धाड पडली. पुढच्या दारातून आठ-दहा जण आणि त्याच क्षणी मागच्या दारातून तेवढेच. मागच्या दारातून आलेल्यांत सर्वांत पुढं तोच होता, हेल्मेटशिवाय. मी बाईकडे पाहिलं. तिनं त्याला ओळखलेलं मला दिसलं. तिचा एक हात हवेत अर्धवट राहिला होता, कोणाला थांबवायला की कोणाला बोलवायला, कळत नव्हतं.

आरडाओरडा झाला नाही. मशिनांच्या आवाजात तसंही काही ऐकू आलं नसतं. धाकटीच्या हातात चादर होती. 'खाली टाक' असं तिला दोनदा सांगितलं गेलं. तिनं टाकली नाही. बाईजवळ आली, चादर तिच्या हातात दिली आणि म्हणाली, "शाळा चारला सुटते."

एवढंच. मग एकोणीस जणांना गाड्यांत बसवून घेऊन गेले. मशिनं चालूच होती. शेवटी मी जाऊन एकेक बंद केली.

धाकटीची मुलगी नऊ वर्षांची. ती इथंच जन्मलेली, तिचे कागद पक्के. पावणेचारला बाई शाळेच्या फाटकाशी उभी होती. पोरगी आली, तिनं इकडे तिकडे बघितलं आणि विचारलं, "मावशी, आईची डबल ड्यूटी आहे का?"

आयुष्यात खोटं न बोललेली बाई म्हणाली, "हो." मग घराच्या कोपऱ्यापर्यंत जाईतो तिला ते सोसेना. तिथंच फुटपाथवर थांबून तिनं पोरीला सगळं खरं सांगितलं.

बाईचा नवरा बसचा ड्रायव्हर, निवृत्त झालेला. पाय अधू झाला होता, खुब्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती, आणि दिवसभर टीव्ही. "एकदा सगळ्यांना उचलून परत पाठवलं पाहिजे," हे त्यांचं रोजचं. त्या संध्याकाळी त्यांच्या समोरच्या खुर्चीवर पोरगी बसली, दप्तर मांडीवर घट्ट धरून. ती हात धुवायला गेली तेव्हा ते हळूच म्हणाले, "अगं, मी हिच्या आईबद्दल बोलत नव्हतो."

"मग कोणाबद्दल बोलत होता?" बाईनं विचारलं.

त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

लाँड्रीत आम्ही बारा जण उरलो. मळलेल्या कपड्यांच्या पिशव्या छताला लागल्या, वास रस्त्यापर्यंत जायला लागला. मालकानं 'कामगार पाहिजेत'ची पाटी लावली, पगार वाढवून लावली. आठ जण आले. तीन दुपारच्या जेवणाला गेले ते परत आलेच नाहीत. बाकीच्यांनी आठवडा काढला. त्यातला एक पहिलवानासारखा गडी रोलरजवळून घामाघूम होऊन आला नि मला म्हणाला, "इथं माणसं काम करायची?" मी म्हटलं, "करायची."

समोरचा चहावाला दुपारच्या आधीच शटर ओढायला लागला. मागच्या गल्लीतल्या घरमालकाच्या अकरा खोल्या रिकाम्या झाल्या. बाहेरच्यांबद्दल सगळ्यांत मोठ्यानं कुरकुर करायचा तोच, आता 'भाडेकरू बघा ना कोणी' म्हणून मला रस्त्यात अडवायचा. शाळेनं दोन वर्ग एकत्र केले. एका हॉस्पिटलानं वाट बघून आपलं काम दुसऱ्या शहरात दिलं. मग मालकानं दुपारची पाळी बंद केली आणि पाच जणांना घरी बसवलं. ते पाचही इथलेच, कागद असलेले. त्यांची जागा दुसऱ्यांनी बळकावली होती, असं त्यांना आजवर सांगण्यात आलं होतं. आता दुसरे गेले, आणि जागाही गेली.

बाईचे यजमान ऑपरेशनच्या दिवशी उपाशीपोटी हॉस्पिटलात गेले आणि तसेच परत आले. नर्स म्हणाली, "काका, तारीख पुढं गेलीय. निर्जंतुक झगे नाहीत, चादरी नाहीत. लाँड्रीकडून आल्याच नाहीत." त्यांनी घरी येऊन काठी कोपऱ्यात ठेवली. त्या दिवशी टीव्ही लावला नाही.

बाईचं मात्र काही ठिकाणावर नव्हतं. धुतलेले पडदे ती परत धुवायची. वर्तमानपत्राच्या, पिशव्यांच्या घड्या घालायची, मोडायची, परत घालायची. बसमधून दोन स्टॉप आधीच उतरून चालत यायची, कारण म्हणे बसायला जमत नाही. कामावर एका जागी उभी राहायची नाही. मागचं लहान दार दिवसातून वीस वेळा उघडून बघायची. वाफेबद्दल एक शब्द नाही. मला तेच जास्त खुपायचं.

एक दिवस बॉयलरपाशी आली. "तू होतास ना तिथं, तो माणूस आला तेव्हा?"

"होतो."

"मीच सांगितलं ना सगळं?"

"तुम्हाला काय माहीत बाई, तो कोण ते."

"मी ते विचारत नाही. सांगितलं की नाही?"

"सांगितलंत," मी म्हणालो.

तिनं मान हलवली, जणू मोजमाप बरोबर निघालं.

पुढच्या रविवारी ती धाकटीला डांबून ठेवलं होतं तिथं भेटायला गेली. तीन तासांचा प्रवास, मग काचेच्या पलीकडे धाकटी आणि मध्ये फोन. हे तिनंच मला नंतर सांगितलं. आधी पोरीची खुशाली सांगितली, मग एका दमात त्या मंगळवारचं सगळं.

धाकटी काचेजवळ सरकली. मग म्हणाली, "हे मला कशाला सांगताय, ताई? तुम्हाला हलकं वाटावं म्हणून? मी इथं काय करू त्याचं?"

बाईनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"माफीबिफी माझ्याजवळ नाही आत्ता," धाकटी म्हणाली. "जिथं सांगून उपयोग होईल, तिथं सांगा. आणि पोरीला रात्री केस बांधून झोपवा, नाहीतर गुंता होतो."

पकडलेल्यांसाठी एक वकीलबाई धडपडत होत्या. तपासणीचं खोटं सोंग करून माणूस आत शिरला होता, हे सांगणारं कोणीतरी त्यांना हवं होतं. मालकाला सुगावा लागला. त्यानं बाईला केबिनमध्ये बोलावलं, स्वतः खुर्ची पुढं केली. "बाई, चौकशी सुरू झाली की पहिली माझी मानगूट धरतील. कामावर मीच ठेवलं होतं ना त्यांना? सव्वीस वर्षांत मी तुमच्या शब्दाबाहेर गेलोय का?"

"नाही," बाई म्हणाली. "म्हणूनच तुम्हाला सांगून जातेय."

तिनं जबानीवर सही केली. वकीलबाईंनी मलाही विचारलं. मी चार दिवस घेतले. घरी पोरं आहेत, बॉयलरचं काम दुसरीकडे मिळत नाही, असं बरंच काही स्वतःला समजावलं. चौथ्या दिवशी बाईला मालकानं 'आता विश्रांती घ्या' म्हणून घरी पाठवलं. ती आपला डबा घेऊन, माझ्याकडे न बघता, पुढच्या दारानं निघून गेली. त्या दुपारी मी जाऊन सही केली.

तोवर अकरा जणांना परत पाठवून झालं होतं. धाकटी त्यांत होती. उरलेल्या आठ जणांची रवानगी कोर्टानं थांबवली. त्यातले सहा बाहेर आले. कामाची परवानगी अजून नाही, तारखा पडताहेत. दोघांचं आत राहणं संपलेलं नाही.

धाकटीला पोरगी जवळ हवी होती. बाईनं तिला ठेवून घेण्याचा विषय एकदाही काढला नाही, पण नवी वह्या-पुस्तकं मात्र आणून ठेवली होती. विमानतळावर यजमानही आले, लंगडत, ऑपरेशन न झालेल्या पायानं. पोरीला सोबत करणाऱ्या विमानातल्या मुलीला ते तीनदा म्हणाले, "एकटी आहे, लक्ष असू द्या." पोरगी तपासणीच्या रांगेतून मागं वळून बघत राहिली. बाई हात हलवायला विसरली. घरी आल्यावर तिला आठवलं, आणि तेवढ्यासाठी ती परत जायला निघाली होती. यजमानांनी दारात आडवं होऊन अडवलं.

आता तारीख असेल तेव्हा बाई कोर्टात त्या सहा जणांबरोबर बाकावर जाऊन बसते. बसते म्हणजे काय, उठते, खिडकीपाशी जाते, परत येते. मला वेळ मिळाला की मीही जातो. आमची लाँड्री एका पाळीवर रडतखडत चालते आहे.

परवा तिच्या घरी गेलो होतो, तेव्हा पोरीचा शाळेतूनच व्हिडिओ कॉल आला. तिथल्या शाळेत तिला दोन इयत्ता खाली बसवलंय, कारण तिथली अक्षरं तिला वाचता येत नाहीत. बाई उभीच राहिली. "दे तुझ्या बाईंना फोन! आत्ता दे!" त्या शिक्षिका खरंच पडद्यावर आल्या. बाईला त्यांची भाषा येत नाही, त्यांना बाईची येत नाही. मध्ये पोरगी. बाई तावातावानं बोलत होती, पोरगी थोडक्यात काहीतरी सांगत होती, आणि शिक्षिका हसून मान डोलवत होत्या. बाईच्या बोलण्यातलं निम्मंसुद्धा त्या पोरीनं पलीकडे पोचू दिलं नसणार, याची मला खात्री आहे.