पेंटरचा खांदा आणि वाकडा बाण

तर पेंटर शिडीवर, ब्रश हातात, आणि खांदा जागेवर नाही. औषधांच्या दुकानाची पाटी होती. शेवटच्या अक्षराची उभी रेघ ओढता ओढता उजवा खांदा खोबणीतून निसटला आणि रेघ जी सुटली ती थेट शटरच्या कुलपापर्यंत. दुकानदार खालून म्हणाला, "एवढी लांब कशाला?" पेंटर वरून म्हणाला, "आधी शिडी धरा, मग लांबीचं बोलू."

हे काही पहिल्यांदा नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी जिन्यावरून पडला, तेव्हापासून त्या खांद्याला बाहेर हिंडायची चटकच लागली. शर्ट घालताना निसटायचा, बसला हात केला की निसटायचा, एकदा तर नुसत्या शिंकेने निसटला. गड्याने त्यावर स्वतःच इलाज काढलेला. स्वतःच्या रंगाच्या दुकानातल्या बाकावर पालथं पडायचं, हात खाली सोडायचा आणि मनगटाला रंगाचा भरलेला डबा टांगायचा. पंधरा-वीस मिनिटांत खांदा खट्‌कन घरी. मी एकदा गेलो तर हा असाच लोंबतोय आणि त्याची बायको शेजारी बसून भाजी निवडतेय.

"वहिनी, हे काय?"

"काही नाही भाऊजी, वाळत घातलेत."

आम्ही हसायचो, तोही हसायचा. पण खांदा दर खेपेला जास्तच सैल व्हायला लागला. डॉक्टर म्हणाले, आतली किनार फाटलीय, शिवल्याशिवाय गत्यंतर नाही. तोवर शिडी बंद. मग हा टेबलावर बसून दारावरच्या बोटभर नावाच्या पाट्या लिहायला लागला. ज्याने चार माणसांच्या उंचीची अक्षरं लिहिली, तो बाजारातून माझ्याबरोबर चालताना मान वर करेना. स्वतःच्याच पाट्या दिसतील म्हणून.

तरी ऑपरेशनची तारीख त्याने तीनदा टाळली. एकदा रंग वाळायचा होता, एकदा पाहुणे यायचे होते, तिसऱ्यांदा म्हणे अंगात कसकस आहे. चौथ्यांदा वहिनींनी पिशवी भरली, मला बोलावलं आणि म्हणाल्या, "तुम्ही डावा हात धरा. उजवा नको, हातात येईल."

दवाखान्यात सगळं सुरळीत चाललं होतं. सहायक डॉक्टरीणबाई आल्या, कोणता खांदा ते तीनदा विचारलं, शाईच्या पेनाने उजव्या खांद्यावर बाण काढला आणि गेल्या. पेंटरने मान वाकडी करून बाण पाहिला. मग भिंतीवरच्या आरशात पाहिला. चेहरा पडला.

"रेघ थरथरलीय," मला म्हणाला.

"अरे, ती खूण आहे. पाटी नाही."

वहिनी पाणी आणायला गेल्या आणि मी चष्मा पुसत होतो, तेवढ्यात याने ट्रेमधला स्पिरिटचा बोळा उचलून बाण पुसून टाकला. टेबलावर राहिलेल्या पेनाने डाव्या हाताने नवा काढला. तो आणखी वाकडा. तोही पुसला. नर्स न्यायला आली तर खांदा कोरा. तिने सरळ सांगितलं, खूण नाही तर आत नेता येणार नाही. वहिनी तांब्या घेऊन दारातच थबकल्या.

शेवटी ऑपरेशन करणारे मोठे डॉक्टर आले.

"पुसलात का?"

"बाण वाकडा होता. ज्याचा हात खांद्याच्या वर थरथरतो, तो खांद्याच्या आत काय शिवणार?"

"तो माझ्या सहायकांनी काढला होता. शिवणार मी."

"मग वर हात जाईल ना? शिडीवर?"

"सहा आठवडे हात गळ्यात, मग सहा महिने व्यायाम. बहुतेक जाईल. थोडा आखडेलही कदाचित. खात्री देत नाही." डॉक्टर खुर्ची ओढून बसले. "भीती वाटत असेल तर आज घरी जा. दोन महिन्यांनी तारीख मिळेल. नाहीतर बाण मी काढतो."

झालं, मी मनात म्हटलं, चौथी तारीखही गेली. गड्याला आयतं निमित्त मिळालं. वहिनींनी तांब्या खाली ठेवला. पेंटर बराच वेळ डॉक्टरांच्या बोटांकडे पाहत राहिला. मग पेन त्यांच्यापुढे धरलं, उजवा खांदा उघडा केला आणि म्हणाला:

"काढा. पण घाई नको. मनगट टेकवा, श्वास सोडा आणि मग रेघ ओढा. आत गेल्यावरही असंच करा."