निळ्या खड्यातली काळी रेघ

हे मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही — आणि तिला तर माझ्या बनियनला कुठं भोक पडलंय हेसुद्धा ठाऊक असतं. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही आमच्या सोयऱ्याधायऱ्यांतले नाही म्हणून असेल.

तसा मी खोटारडा माणूस नाही... हे लिहिलं आणि थांबलो. खोटारडा माणूसही असंच म्हणत असेल, नाही का?

तीस वर्षं लेथवर काढली. टर्नर होतो. जवाहरनगरला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये संसार झाला, निवृत्तीनंतर भंडाऱ्यात लहानसं घर बांधलं आणि पहिल्याच महिन्यात हात रिकामे पडले. बरोबरीच्यांपैकी कोणी परसात वांगी लावली, कोणी पत्ते धरले. मी मोबाईलवर व्हिडिओ पाहत-पाहत खड्यांना पैलू पाडायला शिकलो. यंत्र बाहेरून मागवलं. एक फिरती चकती, तिच्यावर पाण्याचा थेंब-थेंब. खडा पितळी काडीच्या टोकाला लाखेनं चिकटवायचा, कोन लावायचा आणि चकतीवर हलकेच टेकवायचा. शिकाऊ माणसानं आधी काचेवर हात बसवायचा असतो, म्हणून यंत्राबरोबर निळ्या-पिवळ्या काचेची ढेकळं आली होती. सहा महिन्यांत माझी काच अशी चमकायला लागली की शेजारच्या बाया हातात घेऊन पाहत. मी फुगलो. टर्नरचा हात आहे, केसाच्या जाडीवर काम केलेला — असं मीच सांगत सुटायचो.

माझी मोठी बहीण नाकाडोंगरीला असते. आम्ही तिला बाई म्हणतो. आई लवकर गेली, मला बाईनंच वाढवलं. तिनं विड्या वळल्या म्हणून मी आयटीआय झालो. तिचे मालक, आमचे भाऊजी, मँगनीजच्या खाणीवर होते. फार बोलणारा माणूस नव्हता. तिकडच्याच कुठल्याशा ढिगाऱ्यात त्यांना एक निळा दगड सापडला होता, अंगठ्याच्या पेराएवढा, मधून काळी रेघ गेलेला. तो ते चुन्याच्या डबीत ठेवत. कोणी विचारलं की उन्हात धरून दाखवायचे आणि म्हणायचे, हा आपला हिरा. म्हणताना हसायचे, पण डबी कोणाच्या हातात देत नसत.

भाऊजी गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला, पाहुणे पांगले, तेव्हा बाईनं ती डबी माझ्या हातावर ठेवली. "याचा खडा करून दे, बापू. सुषमाच्या अंगठीत बसवू. बापाची याद राहीन पोरीजवळ." सुषमा म्हणजे तिची एकुलती एक मुलगी. आमच्या घरात राशीचे खडे कोणी घालत नाही, ग्रहांचं कोणी काही मानत नाही. बाईला फक्त आठवण हवी होती.

दगड मी ओळखला होता. कायनाइट. व्हिडिओतल्या शिकवणाऱ्यानं बजावलं होतं, याला नवख्यानं हात लावू नये, हा एका बाजूनं मऊ आणि आडवा कठीण असतो, लाकडासारखा उभा चिरतो. मी ते ऐकलं होतं. बाई, मले जमत नाही — चार शब्द होते. तोंडातून का निघाले नाहीत? जिनं मला टर्नर केलं तिच्यापुढं हात टेकायची लाज वाटली. हे इतकंच होतं.

पहिली बाजू लोण्यासारखी कापली गेली. दुसरी हटून बसली. लेथवर लोखंड कापलं जात नसलं की आम्ही दाब वाढवतो. तीस वर्षांची सवय — डोकं विचार करायच्या आत हातानं दाब वाढवला. टिक् असा आवाज आला, नखानं दारावर मारावं एवढाच. काळ्या रेघेवर दगडाचे दोन तुकडे झाले होते.

आणि मग? मग मी रडलो, पश्चात्ताप केला, असं काही झालं नाही. तासाभरात मी निळ्या काचेचं ढेकूळ काडीला चिकटवलं होतं. तीन दिवस बसलो. इतकं सुंदर काम मी त्याआधी केलं नव्हतं, त्यानंतरही केलेलं नाही.

बाईनं तो खडा भाऊजींसारखाच उन्हात धरला. बराच वेळ फिरवून पाहिला.

"यातली काळी रेघ कुठी गेली रे?"

"घासता-घासता निघून गेली," मी म्हणालो.

"निंगून गेली का..." ती म्हणाली. "तेच तं त्याइची वळख होती." आणि तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे गुपचूप सरणापर्यंत नेलं असतं. पण काच ती काच. दोन वर्षं सुषमानं अंगठी बोटातून काढली नाही, भांडी घासताना-धुताना पैलूंच्या कडा झिजल्या. चमक आणायला ती सोनाराकडं गेली आणि सोनारानं एका नजरेत सांगितलं, काच आहे.

बाईचा फोन आला, ये म्हणून. बसमध्ये बसलो तेव्हा मला खरं सांगायचं तर हलकं वाटत होतं. सापडलो होतो. आता बोलावंच लागणार होतं.

पण तिथं माझ्यावर कोणाचा संशयच नव्हता. सगळ्यांचं ठरून गेलं होतं — मूळचा दगडच काच होता. "बाबानं बाटलीचा तुकडा जपला जिंदगीभर," जावई म्हणाला, "अन् मामा, तुमची मेहनत फुकट गेली." सुषमा अंगठीकडं पाहत होती. बाई माझ्याकडं. "तुले तं समजलं असन ना बापू, काच आहे म्हून?"

आता ऐका, मी काय बोललो ते. ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते हेच.

"समजलं होतं बाई," मी म्हणालो, "पण तुले वाईट वाटन म्हून बोललो नाही."

बाईनं डोळ्यांना पदर लावला. "लहानपणापासून असाच आहे माया बापू," ती जावयाला म्हणाली. आणि भाऊजींबद्दल एवढंच — "साधा होता बिचारा."

जो माणूस नुसत्या वजनावरून सांगायचा की या गोट्यात मँगनीज किती आणि माती किती, त्याला काच कळली नाही? हे तिथं कोणाच्याच मनात कसं आलं नाही? मी समोर बसलो होतो म्हणून. खड्यातलं कळणारा घरातला एकच माणूस, आणि त्यानं मान डोलावली होती.

तेव्हापासून त्या घरात जे काही नकली निघेल त्याला 'बाबाचा हिरा' म्हणतात. महिन्यात गळायला लागलेला नळ, बाबाचा हिरा. आश्वासन देऊन गेलेला पुढारी, बाबाचा हिरा. आधी बाई तोंडाला पदर लावायची. आता तीही हसते.

खडा तिनं मला परत दिला, भाऊजींच्या त्याच डबीत घालून. तुयी मेहनत आहे, तूच ठेव, म्हणाली. माझ्या खणात ती डबी आहे आणि तिच्याशेजारी चिंधीत बांधलेले दोन तुकडे. काळी रेघ दोन्हींच्या कडेला अर्धी-अर्धी आहे. यंत्रावर मी कापड टाकलंय. खण उघडत नाही, पण फेकवतही नाही. नाकाडोंगरीला जायचं टाळतो, तर बाई फोन करून बोलावते, आणि गेलो की सगळ्यांना सरकवून मला शेजारी बसवते. आता सांगितलं तर या वयात तिचा माहेरचा उरलेला एक माणूसही जाईल — असं मी स्वतःला समजावतो. ते खरं नाही. मी भितो.

मागच्या महिन्यात सुषमाच्या मुलीचा पाचवा वाढदिवस होता. कोणीतरी तिला प्लास्टिकची अंगठी आणली होती. पोरीनं ती बोटात घातली, उन्हात धरली आणि म्हणाली, "बाबाचा हिरा." तिनं आजोबांना पाहिलेलंसुद्धा नाही. घर हसलं, बाई हसली.

मीही हसलो.