कफीलचं पिस्तूल आणि माझं पोट

कफीलचा, म्हणजे ज्याच्या नावावर मी या देशात राहतो त्या अरब मालकाचा, फोन आला तेव्हा मी दुकानात एका चौकीदाराच्या गणवेशाची बाही उसवत होतो. "मुअल्लिम, दुपारच्या नमाजानंतर ये. थोब घालून ये, पँट-शर्ट नको," एवढंच बोलून त्याने फोन ठेवला. इकडे शिंपी, मिस्त्री, गवंडी, हातात कसब असलेल्या सगळ्यांनाच मुअल्लिम म्हणतात. ऐकायला बरं वाटतं. फुकटचा मान आहे, म्हणून सढळ हाताने वाटतात.

थोब म्हणजे अरबांचा पायघोळ पांढरा सदरा. तो घालून ये म्हटल्यावर मी एकच अर्थ काढला. मुलाचं काम होणार.

मुलगा अबकैकला तेलाच्या प्लँटवर इंजिनियर होता, कंत्राटावर. कंत्राट संपत आलं होतं. दुसऱ्या कुणी त्याचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, आपल्या नावावर घेतला नाही, तर त्याला देश सोडावा लागणार होता. खफजीच्या एका कंपनीने त्याला बोलावलं होतं, पण खफजी म्हणजे पार कुवेतच्या सीमेवर. जेद्द्यातून तिकडे जायचं म्हणजे अख्खा मुलूख ओलांडायचा, आणि काम समुद्रातल्या फलाटावर. मला तो इथे, अझीझियातल्या माझ्या दुकानात हवा होता. हिशेब, कंपन्यांच्या गणवेशांच्या ऑर्डरी, कॉम्प्युटर, सगळं त्याने बघावं. "खफजीवाल्यांना लटकवून ठेव," असं मी त्याला सांगितलं होतं. त्याने ठेवलंही होतं. माझ्यासाठी.

माझं दुकान म्हणतो खरा. एका मशीनवर सुरू केलं, आज आठ मशीनं आहेत. कापड मी आणतो, गिऱ्हाईक मी आणतो, कारागिरांच्या शिव्या मी खातो आणि त्यांना परत मीच घालतो. परवाना मात्र कफीलच्या नावावर, आणि पाटीवर त्याच्या घराण्याचं नाव. त्याने आयुष्यात सुईत दोरा ओवलेला नाही. हे मी घरी रोज बोलतो. बाहेर मात्र गाववाल्यांना सांगतो, "आमचा शेख म्हणजे भाऊच. त्याच्या मजलिसमध्ये आपली जागा ठरलेली." मुलगा लहानपणापासून दोन्ही ऐकत आलाय.

मुलगा सुट्टीवर घरीच होता. त्यालाही इस्त्रीचा शर्ट घालायला लावला. बायकोने माझ्या थोबला स्टार्च केलं आणि अत्तर लावलं. "शेखच्या समोर आवाज चढवू नका हां," ती म्हणाली. "मुलाच्या वेळी तरी."

"मी कधी चढवतो?"

"अवो, आता चढवलात तो काय?"

कफीलने आम्हाला आपल्या गाडीत घेतलं. मुलाशी हात मिळवला, अबकैकचं हवापाणी विचारलं. मी म्हटलं, आता सरकारी ऑफिस. नंतर आठवलं की ही कामं हल्ली फोनवरच होतात, ऑफिस कसलं? तोवर गाडी एका दुकानासमोर थांबली होती. काचेत शिकारीचे सुरे, दुर्बिणी, बाज पकडायचे हातमोजे.

आत शिरल्यावर उलगडा झाला. कफीलची सोन्याची दोन दुकानं आहेत. एकातून दुसऱ्यात माल नेताना बाळगायला त्याने पिस्तुलाचा परवाना काढला होता. पिस्तूल वडिलांचं, जुनं, चांगलं हातभर वाटावं एवढं. लहान घ्या म्हणून सगळ्यांनी सांगितलं, तर म्हणाला, "वडिलांचं आहे." ते थोबच्या आत दिसणार नाही आणि टोचणारही नाही असं होल्स्टर त्याला हवं होतं.

"आणि घालून बघायला हा आहे," असं म्हणून त्याने माझ्या पोटावर थाप मारली. "अल्लाहने दोघांना एकाच साच्यातून काढलंय. बघ, तेच पोट, तीच उंची. माझी कंबर धरलीये. मी कुठे वाकत बसू?"

विकणारा सीरियन हसला. दुकानातली दोन तरुण गिऱ्हाइकं होती, तीही हसली. मीही हसलो. मुलगा हसला नाही. तो बाजांच्या हातमोज्यांकडे बघत राहिला.

पिस्तुलाच्या जागी त्या दुकानात शिसं भरलेलं रबरी पिस्तूल होतं, वजन खऱ्याइतकंच. आधी खांद्याचा पट्टा झाला. काखेत पिस्तूल लटकतं, दोन्ही खांद्यांवरून पट्टे पाठीवर जातात. माझ्या पातळ पांढऱ्या थोबमधून ते पट्टे असे दिसत होते की बायकांच्या आतल्या कपड्यांची आठवण यावी. त्या दोन पोरांपैकी एक तसं बोललाच. शिवाय पिस्तूल काढायचं तर गळ्याची बटणं सोडायला हवीत. "चोर तोवर चहा पिऊन जाईल," कफील म्हणाला.

मग कमरेचं. पण थोबच्या आत पँट नसते, नाडीचा पातळ सुरवाल असतो. एवढं वजन अडकवलं की सुरवाल खाली येतो. माझा आला. गुडघ्यापर्यंत नाही, पण आला. मी दोन्ही हातांनी थोब वर धरून सगळ्यांसमोर उभा, आणि सीरियन माझ्या कमरेभोवती चामड्याचा रुंद पट्टा आवळतोय. मुलगा पाच हातांवर. माझं पोट मुलाने कधी पाहिलं नव्हतं असं नाही. पण असं नव्हतं पाहिलं.

त्या पट्ट्यावर जाड चामड्याचं होल्स्टर होतं, तपकिरी, कडेला हाताची शिवण. शिवण चांगली होती. कफीलचे डोळे चमकले. "वडिलांचं असंच होतं." त्याने खुर्ची ओढली आणि अरबी कॉफीचा, गहव्याचा पेला हातात घेतला. "हां मुअल्लिम, चालून दाखव. आता बस. आता गाडीत बसतोस तसा. आता जमिनीवर."

मी बसलो. आपण मांडी घालतो, हे लोक एक गुडघा उभा ठेवून बसतात, मी तसाही बसलो. लांब नळी मांडीच्या मुळाशी रुतली.

"आता रुकू, कमरेत वाक. आता सजदा कर."

दुकानाच्या गालिच्यावर मी कपाळ टेकलं. किबला, नमाजाची दिशा, कुठे होती कुणास ठाऊक. त्या माणसाला नमाज नको होता, वाकणं हवं होतं. मुठीचं टोक बरगडीत आणि होल्स्टरची कड कमरेच्या हाडावर अशी बसली की डोळ्यांत पाणी आलं.

"कसं आहे?"

"तमाम," मी गालिच्याकडे तोंड करून म्हटलं. म्हणजे अगदी ठीक.

"टोचत नाही?"

"तमाम, शेख. कुल्लू तमाम."

मी शिंपी आहे. पहिलं होल्स्टर बघतानाच मला कळलं होतं काय लागेल ते. पोटावर बसणारा रुंद इलॅस्टिकचा पट्टा, आतून सुती अस्तर, पिस्तूल आडवं थोडं तिरकं, आणि थोबच्या खिशाचा तळ कापून टाकायचा म्हणजे हात थेट आत जाईल. पाटा-वरवंट्याएवढं जड पिस्तूलसुद्धा पोटाच्या घडीखाली लपेल. कफीलने एकदाच विचारलं असतं तर... तसं म्हणू नये. त्याने दोनदा विचारलं. पण आमच्या किनाऱ्यावरून इथे आलेल्या कुठल्याही माणसाला कफीलने 'कसं आहे' विचारलं की तोंडातून एकच शब्द निघतो. जेवण मिळतं का? तमाम. खोलीत किती जण? तमाम. तो शब्द आम्ही विमानातून उतरायच्या आधी शिकतो. आणि त्याला ते चामडं आवडलं होतं. मला त्याच्याकडून काम होतं.

मग भाव ठरायची वेळ आली आणि मी सगळा राग सीरियनवर काढला. शिवण उसवून दाखवतो म्हणालो. चामडं उंटाचं आहे की पुठ्ठ्याचं, विचारलं. तो म्हणाला, "हाज्जी, हा इटलीचा माल आहे." मी म्हटलं, "इटली तुझ्या गल्लीच्या मागे आहे, तिथले पोरगे मला ओळखतात." उठून दारापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. त्याने निम्म्यावर दिलं. कफील खूश होऊन माझ्या पाठीवर थोपटत राहिला. मी विजयाने मुलाकडे पाहिलं. तो सीरियनकडे बघत होता, आणि सीरियन ते रबरी पिस्तूल कपड्याने पुसत होता, माझा घाम लागला होता त्याला.

मुलाच्या इकाम्याचा विषय त्या दिवशी निघाला नाही.

घरी कमरेवर काळानिळा वळ उठला. बायको बाम चोळत म्हणाली, "काय झाला हा?" मी म्हटलं, टेबलाचा कोपरा लागला. मुलगा दारात उभा होता. तो आत गेला.

आठवड्याभरात कफीलने दोघांना घरी बोलावलं. मजलिसमध्ये, बैठकीच्या खोलीत, तो एका कुशीवर उशा घेऊन पडला होता. हसत होता, पण वरवर. एका नातेवाइकाच्या घरी मयतीला गेला, तिथे संध्याकाळच्या नमाजाला पहिल्याच रांगेत उभा राहिला, आणि सजद्यात ते होल्स्टर असं टोचलं की वर उठता येईना. मागच्या रांगेतल्या माणसाने दंडाला धरून उठवलं. थोबवर सगळा आकार उमटलेला. मयतीच्या घरात पिस्तूल घेऊन आलेला माणूस. त्याच्या थोरल्या काकाने त्याला सगळ्यांदेखत विचारलं, "कुणावर चाल करून आलास?"

"मुअल्लिम, तू घातलं होतंस. तुला टोचलं नाही?"

"नाही शेख. मला तर काही... तुमचं हाड जरा..."

"त्यांना टोचलं होतं," मुलगा म्हणाला. साध्या, स्वच्छ अरबीत. तो इथेच वाढलाय, त्याची अरबी माझ्यासारखी दुकानातली नाही. "कमरेवर काळंनिळं पडलं होतं. अम्मीने बाम लावला."

मी भडकलो. कफीलसमोर, त्याच्या गालिच्यावर बसून, मी मुलाला आपल्या भाषेत झोडलं. "तुला कुणी विचारलं? बापाला खोटा पाडतोस परक्यासमोर? एवढं शिकवलं ते यासाठी? तुझंच काम घेऊन आलोय मी, गाढवा!"

"काय म्हणतोय?" कफीलने मुलाला विचारलं.

मुलगा म्हणाला, "म्हणतायत की मी मोठ्यांच्या बोलण्यात पडू नये. बरोबर आहे त्यांचं."

कफील मोठ्याने हसला, मग कंबर धरून कण्हला. "अरे, हा पोरगा चांगला आहे! खरं सांगतो. तू मला कधी सांगितलंस का काही?" त्याने उशीखालून मोबाईल काढला. "ह्याचं ते नकल करायचंय ना, इकामा माझ्या नावावर घ्यायचाय, किती दिवस मागे लागलायस. बोल, इकामा नंबर बोल. आत्ता करून टाकतो."

आजवर मी हजार सौदे केलेत. समोरचा हो म्हणाला की तोंड मिटायचं आणि हात पुढे करायचा, एवढं मला कळतं. मुलाने पाकिटातून कार्ड काढलं.

"आणि पुढच्या खेपेला हाच येईल माझ्याबरोबर," कफील म्हणाला. बोटं मोबाईलवर. "बारीक आहे, पण पोटाला उशी बांधू. काय रे? बांधू ना? हा सांगेल कुठे टोचतं ते."

तो प्रेमानेच बोलला. मुलगाही हसला, मान हलवली. ती मान मी ओळखतो. तशी हलवायला मी त्याला कधी शिकवलं नव्हतं, तरी त्याला येत होती.

"थांबा शेख," मी म्हटलं. "राहू द्या. त्याचं खफजीला ठरलंय."

"खफजी? मग इतके दिवस माझं डोकं कशाला खाल्लंस?"

"ठरलं नव्हतं तेव्हा. मोठी कंपनी आहे. आपल्याकडे काय, सुई-दोरा."

मुलाने माझ्याकडे पाहिलं, कार्ड अजून हातात. कफीलने मोबाईल पालथा ठेवला. थोडा दुखावला असावा, त्याने एवढं देऊ केलेलं कुणी परत केलं नसेल. मग मी त्याला पोटाच्या पट्ट्याचं सांगितलं. अस्तर, तिरकं बसवणं, खिशाचा तळ कापणं. "परवा शिवून आणतो. त्याचं काही घेणार नाही." तो म्हणाला, "हे त्या दिवशी दुकानात का नाही बोललास?" मी म्हटलं, "सुचलं नाही." ह्यावर मुलगा गप्प राहिला. त्याला अक्कल आली होती, माझ्याकडून.

परतताना गाडी तो चालवत होता. अझीझियाच्या सिग्नलला थांबल्यावर म्हणाला, "अब्बा, व्हाय? सब तो हो गया था." घरात तो असाच बोलतो, अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी.

मला सांगता आलं असतं. तुझ्या पोटाला कुणी उशी बांधताना मला बघवणार नाही, एवढंच होतं ते. बापाच्या तोंडून पोराने ऐकावं असं एखादं वाक्य आयुष्यात असतं, ते हेच असेल. पण ते बोलायचं तर त्या दुकानातल्या गालिच्यावर माझं काय झालं तेही बोलावं लागलं असतं.

"तोंड चालवलंस म्हणून," मी म्हटलं. "खफजीवाल्यांना आज फोन कर. जा तिकडे. दर्यात बसून खरं बोल."

सिग्नल सुटला. मागच्याने हॉर्न वाजवला, त्याच्यावर मी काच खाली करून ओरडलो.

पुढच्या वळणावर तो हळूच म्हणाला, "सॉरी, अब्बा."

आणि मी ती माफी घेतली. "बरं," म्हटलं, आणि रस्त्याकडे बघत बसलो.