रविवारी समुद्राला सुट्टी

आधी कप खाली ठेवा, मग सांगतो. मागच्या वेळी शाम्याच्या नाकातून चहा आला होता, आणि तो किस्सा या किश्शाच्या पासंगालाही पुरत नाही! माती खाल्ली हो मी. तीसुद्धा अलिबागला, भर उन्हात, इस्त्रीचे कपडे घालून.

झालं असं की आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. म्हटलं, सुनंदाला विचारू, बाई गं, तुला काय पाहिजे? मला वाटलं पैठणी म्हणेल, फार तर बांगड्या. तर ही म्हणते, "मला समुद्रासमोर बसायचंय."

"बरं. आणि?"

"आणि काही नाही. नुसतं बसायचंय. तुमच्याबरोबर. दिवसभर."

आता तुम्ही मला ओळखता. माझा मंडपाचा धंदा. सकाळी कर्जतला हळद, दुपारी नेरळला साखरपुडा, संध्याकाळी चौकला सत्यनारायण. मी उभ्यानं जेवतो, चालता चालता पेपर वाचतो. न्हाव्याच्या खुर्चीत बसलो तर तो बिचारा वस्तरा लावायला घाबरतो, इतका माझा पाय हलत असतो. अशा माणसाला नुसतं बसायला सांगायचं? ही काय बक्षिसी झाली की शिक्षा? लग्न झाल्यावर हिला महाबळेश्वरला नेलं होतं, तर सगळे पॉइंट मी एका दिवसात उरकले. अजून म्हणते, "मला महाबळेश्वर आठवत नाही. तुमची पाठ आठवते."

पण पंचवीस वर्षांत बाईनं स्वतःसाठी एक गोष्ट मागितली. म्हटलं, कबूल! देवाशप्पथ कबूल!

शनिवारी खोपोली-पेण रस्त्यानं निघालो, अलिबागला एका घरगुती लॉजवर सामान टाकलं आणि तिथंच माझी गाडी घसरली. लॉजच्या भिंतीवर फोटो लावलेले. समुद्रातला किल्ला, नागावचा किनारा, घोडागाडी, उंटावरची फेरी, बनाना राईड, शिवाय ते छत्रीला लटकवून आकाशात सोडतात ते. माझे हातपाय शिवशिवायला लागले.

"सुनंदा, हे सगळं उद्या जेवणाच्या आत उरकू. मग तू बस निवांत."

"आणि तुम्ही?"

"मी पण बसेन की! पाच मिनिटं, दहा मिनिटं."

ती नुसती हसली. मी मनात म्हटलं, किती समजूतदार बायको दिली देवानं.

रविवारी उजाडायच्या आत मी तिला उठवलं. ओहोटी होती. किनाऱ्यापासून थेट किल्ल्यापर्यंत ओली वाळू, माणसं मजेत चालत निघालेली. सुनंदानं एक भलीमोठी पिशवी खांद्याला अडकवली.

"अगं, अर्ध्या तासात परत यायचंय! संसार कशाला घेतलास बरोबर?"

"असू दे. भूक लागली तर?"

किल्ल्यात शिरलो. गणपतीचं दर्शन घेतलं, तोफा बघितल्या, गोड्या पाण्याचं टाकं बघितलं. मधली मोकळी जागा पाहून मनातल्या मनात मंडपसुद्धा ठोकून झाला, जेवणाच्या पंगती कुठं आणि नवरीची खोली कुठं ते ठरलं. झालं, संपला किल्ला! दरवाजाशी आलो तर शेजारी आणखी एक छोटा किल्ला दिसला, सर्जेकोट. आता शेजारीच आहे म्हटल्यावर सोडवतो का?

दरवाजात एक सरबतवाल्या मावशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "दादा, निघा आता. पानी चढाय लागलंय. अडकलात तर होडी मिळाली तं मिळाली, नायतर सांजच्यालाच सुटाल."

आणि इथं, मित्रांनो, माझी अक्कल चरायला गेली.

तुमच्यात कुणी बाहेरगावचं असेल, तर त्याला आमच्याकडचं गणित आधी सांगायला हवं. आमच्या पेज नदीला उन्हाळ्यात जे पाणी असतं ते वरच्या पॉवरहाऊसचं. तिथं वीज करतात, खाली पाणी सोडतात. पाणी सोडलं की नदी भरली, बंद केलं की उतरली. कपडे कधी धुवायचे, म्हशी पाण्यात कधी घालायच्या, पलीकडच्या वाडीत कधी जायचं, सगळं त्या पाण्यावर. आणि सुट्टीच्या दिवशी कारखाने बंद, विजेला मागणी कमी, म्हणून पाणी कमी. रविवारी नदी चालत ओलांडायची, हे आम्हाला चड्डी घालायला लागल्यापासून पाठ. आता चंद्रामुळं भरती येते वगैरे मीही शाळेत वाचलंय. पण शाळेत वाचलेलं कधी वेळेवर आठवतं का हो?

मी मावशींना म्हटलं, "चढू द्या. चढून चढून किती चढणार? आज रविवार आहे."

"रविवारचं काय?"

"रविवारी पाणी कमी असतं."

मावशींनी माझ्याकडं नीट बघितलं, आणि न मागता सरबताचा ग्लास माझ्या हातात ठेवला. ऊन लागलंय असं वाटलं असणार त्यांना.

तिथंच थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण शेजारून एक काका पुढं आले. पांढरी टोपी, बरोबर बायको.

"कुठलं तुमी?"

"कर्जत."

"आमी खोपोलीच्या शिळफाट्याचं! अगदी बराबर बोल्लात तुमी. रविवारी आमच्या पाताळगंगेला पन पानी नसतं." मग बायकोकडं वळून, "अगं ए, घाई नाय. बस जरा."

काकी म्हणाल्या, "अवो, पन ह्यो समुद्र हाय ना?"

"मंग? समुद्रात पानी कुठनं येतं? नद्यांचंच ना? वरनं सोडलंच नाय तं हितं येनार कुठनं?"

तुम्ही हसताय! पण त्या क्षणी, खरं सांगतो, मला ते इतकं पटलं, इतकं पटलं की मी काकांशी हात मिळवला. एका तालुक्याची अक्कल चुकेल, दोन तालुक्यांची कशी चुकेल?

मी सुनंदाकडं बघितलं. ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही म्हणताय तर असेल. या बघून. मी तटावर बसते."

मी सर्जेकोट बघितला, त्याला एक फेरी मारली, काकांना मंडपाचे दर सांगितले, त्यांच्या पुतण्याच्या लग्नाची ऑर्डर जवळजवळ पक्की केली. परत आलो आणि बघतो तर काय, वाळूच नाही! किनाऱ्याकडं शेवटची घोडागाडी चालली होती आणि घोड्याच्या पोटाला पाणी लागत होतं.

काका म्हणाले, "अवो मंडपवाले, पानी तं वाढतंय!"

"सोडलं असेल थोडं. एखादा कारखाना चालू असेल आज."

"कंचा कारखाना?"

"मला काय माहीत कंचा!"

बघता बघता चारी बाजूंनी समुद्र. काकींनी पदर खोचला आणि काकांना धुवायला घेतलं. "मी बोल्ले व्हते! समुद्र हाय बोल्ले व्हते! पन नाय, दोन शाने भेटले ना एकमेकांना!" मी तोफेमागं गेलो. तोंड लपवायला तेवढीच जागा होती.

थोड्या वेळानं एक होडी लागली. काका-काकी तिच्यात चढले. जाताना काका म्हणाले, "या कवातरी शिळफाट्याला. पन वाट इचारून या. सोताच्या डोक्यानं येऊ नका." पुतण्याची ऑर्डर गेली ती गेलीच.

मी धावत तटावर गेलो. "सुनंदा, ऊठ! होडी आलीय! अजून नागाव होईल, उंट होईल!"

"मी नाही बसणार होडीत. मला भीती वाटते."

"अगं, एवढंसं तर अंतर!"

"तुम्ही जा ना. मी संध्याकाळी येईन चालत."

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला बायकोला समुद्रात ठेवून उंटावर बसलेला नवरा! कर्जतमध्ये तोंड दाखवायची सोय राहिली असती का? होडी गेली. मी राहिलो.

मग काय विचारता माझे हाल! पिंजऱ्यातल्या वाघाच्या फेऱ्या सुरू झाल्या. दरवाजा ते टाकं, टाकं ते देऊळ. गणपतीनंसुद्धा मला इतक्यांदा बघितलं की त्याला कंटाळा आला असेल. मावशींच्या टपरीवरची ताडपत्री सैल वाटली म्हणून ती सोडली आणि मंडपाची गाठ मारून पुन्हा ताणून बांधली. मग बाकडं हलत होतं त्याला पाचर मारली. मग करायला काहीच उरलं नाही. मावशी म्हणाल्या, "दादा, आता बसा. नायतर तटाचे दगड पन मोजाल."

गेलो तटावर. सुनंदानं पिशवी उघडली. तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, सुकटीची चटणी, कांदा. सगळं दोघांना पोटभर! लॉजवाल्या वहिनींना रात्रीच सांगून पहाटे करून घेतलं होतं म्हणे. मी तिची तारीफ केली. संशय? मला? छे!

जेवलो आणि बसलो. जाणार कुठं? समोर ऊन, निळं पाणी, लांबवर एक शिडाची होडी. आधी पाय हलत होता. मग कधी थांबला कळलंच नाही. सुनंदा बोलायला लागली. माहेरच्या नदीवर खेकडे कसे धरायची ते, माझ्या आईला पहिल्या वर्षी किती घाबरायची ते, मुलगी सासरी गेल्यावर दुपारी घर कसं खायला उठतं ते. त्या दुपारी मी कुठं असतो? कुणाच्या तरी दारात खांब रोवत. पंचवीस वर्षांत मी तिला असं सलग बोलताना ऐकलं नव्हतं. मला वाईट वाटलं, आणि फार बरंही वाटलं. तिच्या खांद्यावर डोकं टेकून मी चक्क झोपलो. मी! दिवसाढवळ्या!

जाग आली तेव्हा सूर्य खाली आला होता आणि पाणी उतरत होतं. चपला हातात घेऊन, घोटाभर पाण्यातून आम्ही किनाऱ्याकडं निघालो. मला राहवेना.

"सुनंदा, माझं चुकलं गं. तुझी सगळी ट्रिप बुडवली मी."

"माझी कुठं बुडाली? तुमची बुडाली."

"म्हणजे?"

"भरती कधी लागते ते मी वहिनींना शनिवारीच विचारलं होतं."

मी मध्येच पाण्यात उभा राहिलो. "आणि मी ते रविवारचं सांगत होतो तेव्हा?"

"तेव्हा हसू दाबता दाबता जीव गेला माझा. त्यात ते काका आले!"

"अगं, मग बोलायचंस ना!"

"बोलले असते तर तुम्ही बसला असता?"

पुन्हा चालायला लागलो. थोडं पुढं गेल्यावर डोक्यात पुन्हा प्रकाश पडला.

"आणि होडीची भीती?"

"मी नदीकाठची पोर. मला कसली भीती? पुढच्या वर्षी आपण जंजिऱ्याला जाऊ या, तिथं होडीनंच जावं लागतं."

म्हटलं, चला, या वेळी तरी शहाणपणा दाखवू. "जाऊ की! पण तिथली ओहोटीची वेळ मी स्वतः विचारून ठेवणार."

"विचारा की," सुनंदा म्हणाली. "तिथलं पाणी ओहोटीलासुद्धा उतरत नाही."