पट्टी उजव्या गुडघ्याला

माझ्या सासूबाईंना, पुतळाबाईंना, आमच्या वडपे गावात सगळे आक्का म्हणतात. त्या कुणाच्या बापाला भीत नाहीत. गोदामाचा ट्रेलर दारात उभा राहिला, तर ड्रायव्हरला त्या हिंदीत, तेही स्वतः घडवलेल्या हिंदीत, असं झापतात की बिचारा मुकाट रिव्हर्स घेतो. पण खेळणाऱ्या पोरींच्या पायाला हात लावताना आक्कांना भीती वाटते. आधी थोडी वाटायची, आता फार वाटते.

त्यांचा जन्म बाळंतिणींना आणि बाळांना चोळण्यात गेला. निम्म्या गावाला त्यांनी पायांवर पालथं घालून न्हाऊ घातलंय. माझी लेक दिशा कबड्डी खेळायला लागली आणि सरावानंतर तिचे पाय भरून यायला लागले, तेव्हा आक्कांनी तिलाही तेल लावलं. दुसऱ्या दिवशी पोरगी टुणटुणीत. मग काय, अख्खा संघच आमच्या पडवीत! दर गुरुवारी ओवा-लसूण घालून कढवलेल्या तेलाचा वास घरभर, आणि माझा चहाचा टोप गॅसवरून उतरायचं नाव घेत नसे. पण गुण येत होता हे खरं. पोटऱ्या मोकळ्या व्हायच्या, थकवा लवकर उतरायचा. संघाच्या सरांनीही गुरुवारचा सराव बंद करून तो दिवस मालिशला देऊन टाकला.

आक्का मात्र कुरकुरायच्या.

"विनिता, बाल रडतं म्हनून हाताला कलतं, कुठं थांबायचं. ह्या पोरी रडतच न्हाय गो. मना भ्याव वाटतं."

मी हसण्यावारी न्यायची. पोरी रडत नाहीत, कारण कबड्डीत दुखणं दाखवायचं नसतं. कुठला पाय दुखतोय हे कळलं, की समोरचा संघ नेमका तोच धरतो. आमच्या पोरींची तर त्यावर युक्ती ठरलेली होती. दुखऱ्या पायाला काही बांधायचं नाही, पट्टी बांधायची ती चांगल्या पायाला. हे तेव्हा ना आक्कांना कुणी सांगितलं होतं, ना मला. त्यांनी आपला एक नियम काढला होता. पडवीत दुखलं की मोठ्यांदा 'आई गं' म्हणायचं, नाहीतर चटईवरून उठायचं.

जिल्ह्याच्या संघाची निवड मानकोलीच्या सामन्यांत होणार होती. त्याआधीच्या गुरुवारी दिशा आली, ती उजव्या गुडघ्याला पट्टी बांधून. पडवीत सगळ्या जणी बसलेल्या, त्यांत करिष्माही होती. चढाई करणाऱ्या या दोघीच, आणि जागा एकीलाच मिळणार हे सगळ्यांना माहीत होतं.

आक्कांनी उजवा पाय अगदी हलक्या हाताने घेतला. दिशा 'आई गं, आई गं' करत होती. मग डावा घेतला.

"ह्यो बरा हाय ना गो?"

"हो आक्का, तो मस्त आहे. दाब अजून."

दिशाने तोंड उशीत खुपसलं होतं. आक्कांनी नडगीच्या कडेने अंगठे रोवले आणि अंगाचा भार टाकून चोळलं. पोरीने हूं का चूं केलं नाही.

मानकोलीला ती चढाईला गेली, डाव्या पायावर वळली आणि कोसळली. तिला कुणी हातसुद्धा लावला नव्हता. मी मैदानात धावले, माझ्या मागे आक्का. दिशा डावी नडगी दोन्ही हातांनी धरून किंचाळत होती. आक्कांनी उजव्या गुडघ्यावरची पट्टी पाहिली, मग डावा पाय पाहिला, आणि मग स्वतःचे अंगठे.

"डावा? डावा कसा गो?"

तेव्हा करिष्मानेच रडत रडत पट्टीची युक्ती सांगितली.

दवाखान्याच्या बाकावर आम्ही दोघी बसलो. पोरगी पुन्हा सरळ चालेल ना, एवढंच माझ्या मनात. खेळ गेला चुलीत. आक्का हात पदराखाली लपवून बसल्या होत्या. डॉक्टरबाई फोटो घेऊन आल्या. म्हणाल्या, "हाडाला बारीक तडा आधीपासून होता. त्यावर खेळली, म्हणून मोडलं."

"मी चोललाय तो पाय. भार टाकून," आक्का म्हणाल्या.

"मालिशने हाड मोडलं नाही, आजी. पण तडा असताना तिथे दाब द्यायचा नसतो."

यातलं आक्कांना दुसरंच वाक्य ऐकू आलं. पहिलं मी आजवर हजारदा सांगून पाहिलंय.

प्लास्टर चढल्यावर दिशा आजीच्या कुशीत शिरून हमसून हमसून रडली. "करिष्मा बसली होती ना तिथं. किती दुखतंय हे कळलं असतं, तर तिने सरांना सांगितलं असतं."

"मंग माज्या कानात सांगायचं ना गो. मी का समोरचा संघ होते?"

त्यानंतर आमचे गुरुवार बंद झाले. संघातल्या पोरी दारापर्यंत यायच्या आणि परत जायच्या. शेजारच्या आसावरीला मुलगी झाली, तिलाही आक्कांनी हात लावला नाही. "आता माजे हात खरं बोलत न्हाय," म्हणाल्या. त्यांच्या तोंडून असलं बोलणं ऐकून मला धडकी भरली. हात गेले तर आक्कांत उरलं काय?

प्लास्टर निघालं. दिशा लंगडत का होईना, चालायला लागली. पुढे हाड पक्कं जुळलं, आता हलकी मालिश चालेल, असं डॉक्टरबाईंनी स्वतः सांगितलं. गुरुवारी दिशाने आपण होऊन पडवीत चटई टाकली, तेल गरम केलं, आजीला ओढत आणून बसवलं. दोन्ही पाय उघडे, पट्टी कुठेच नाही.

आक्कांनी तळव्यावर तेल घेतलं. डाव्या नडगीवर हात नेला आणि तो तिथेच अधांतरी धरून ठेवला. ट्रेलर मागे घ्यायला लावणारी बाई ती, तिचा हात असा अडलेला मी कधी पाहिला नव्हता.

"दुखलं की बोल हां. खरं बोल, बाय माजे."

दिशाने डोळे गच्च मिटले आणि पडवी दणाणेल अशी ओरडली, "आई गं!"

आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा हात अजून टेकलाच नव्हता.