आपला नंबर लवकरच येईल

बारशाला ज्या आत्याने 'नम्रता' हे नाव ठेवलं, तिने पुढे आपली चूक कधी कबूल केली नाही. यवतमाळहून नोकरीसाठी पुण्यात आलेली ही मुलगी बोलायला लागली की समोरचा माणूस दार कुठे आहे ते बघायचा.

२००४ साली तिच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीला बिबवेवाडीतल्या एका हॉस्पिटलचं काम मिळालं. पेशंटची रांग कॉम्प्युटरवर आणायची होती. रांग एवढी लांबते कशाने, हे बघायला नम्रता तीन आठवडे ओपीडीच्या बाकावर वही घेऊन बसली. ओपीडी दहाची, पेशंट साडेनऊला हजर, आणि डॉक्टर एकदाही साडेअकराच्या आत आले नाहीत. रांगेत काही बिघाड नव्हताच! तिने स्क्रीनवर टोकन नंबरच्या वर एक ओळ टाकली: 'डॉक्टर अजून आलेले नाहीत.'

डॉक्टरांनी ती वाचली आणि नम्रताच्या साहेबाला, पुष्करला, म्हणाले, "हे काढा. पेशंटला धीर वाटेल असं काहीतरी लिहा."

"सर, तुम्ही वेळेवर आलात तर ही ओळ दिसणारच नाही," नम्रता म्हणाली.

ऑफिसात पुष्कर तिच्यावर उखडला. "क्लायंट आहेत ते! उद्यापर्यंत चेंज कर, नाहीतर दुसरी नोकरी बघ."

नोकरी जेमतेम सात महिन्यांची होती. दातओठ खात तिने ओळ बदलली: 'आपला नंबर लवकरच येईल.' तिला डॉक्टरांचा राग आला होता, पुष्करचा आला होता, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा.

पंधरा दिवसांनी प्रिंटर अडतोय म्हणून ती तिथे गेली. पावणेअकरा वाजले होते. बाकं भरलेली आणि हॉल चिडीचूप. पूर्वी साडेदहा झाले की कुणीतरी उठायचंच. "अहो, डॉक्टर येणार आहेत, की आम्हीच एकमेकांना तपासू?" असं काउंटरवरच्या शालनताईंना ऐकवलं जायचं, आणखी चौघं सामील व्हायचे, मग शालनताई फोन करायच्या आणि डॉक्टर घरून निघायचे. आता सगळे मुकाट्याने स्क्रीनकडे बघत होते.

"तुमचं मशीन आल्यापासून डोक्याला ताप नाही बघा," शालनताई खुशीत म्हणाल्या. "डॉक्टरही बारापर्यंत निवांत येतात."

नम्रताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढच्या बाकावर गुडघ्याला पट्टा बांधलेले एक आजोबा बसले होते. "आजोबा, कधीपासून बसलाय?"

"साडेनऊपासून. येईल आता नंबर. लिहिलंय की तिथे."

"ते मी लिहिलंय!" ती ओरडली. अख्खा हॉल वळला. "खोटं आहे ते. डॉक्टर अजून घरी आहेत!"

आजोबांनी तिला चष्म्यावरून न्याहाळलं. "लिहिलंत तुम्ही, आणि ओरडताय आमच्यावर?"

शालनताईंना खुर्चीवरून उठवून ती कॉम्प्युटरसमोर बसली आणि तिने जुनी ओळ परत टाकली. पाच मिनिटांत काउंटरवर सातआठ जण भांडत होते.

संध्याकाळी तिची नोकरी गेली. त्या दिवशी डॉक्टर मात्र सव्वाअकराला आले होते.